पूजाच्या नवऱ्याचा कान कुणी पिळायचा?

आमच्या ऑफिसात आलेल्या माणसाला चहा मिळेलच असं नाही, पण किस्सा मिळतोच. दूध संपतं, साखर संपते, किस्से काही संपत नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, आणि तिसरा तर सांगता सांगताच समोर घडायला लागतो! परवा एका पाहुण्या बाईंना मी अर्धा तास सांगत होते की ट्रान्स माणसांना लोक किती नको ते प्रश्न विचारतात म्हणून. बाईंनी मान डोलवली, चुकचुकल्या, आणि निघताना दारातून वळून म्हणाल्या, "पण काय हो, ते मूळचे कोण असतात?" घ्या! झाला की नाही ताजा किस्सा?

तर काम ऐकायला सोपं आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यात फिरायचं, शाळा, हॉस्टेलं, सरकारी ऑफिसं, ग्रामपंचायती, जिथं बोलावतील तिथं जायचं, आणि लिंग, लिंगओळख, लैंगिक कल असल्या शब्दांचा अर्थ समजावून सांगायचा. सोबत गुंडाळीचा एक मोठा तक्ता. त्यावर चार गोष्टी. जन्मल्यावर दवाखान्यात काय म्हणून नोंद झाली, आपण आतून स्वतःला कोण समजतो, कपडे-चालणं-बोलणं कसं आहे, आणि जीव कुणावर जडतो. या चार गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एकीवरून दुसरी ठरत नाही. संपलं! एवढंच आहे हो! हे एवढंसं सांगता सांगता माझे केस पांढरे झाले आणि बीपीची गोळी सुरू झाली.

आम्ही तिघं. मी शैला, आधी कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, त्यामुळं आवाज मोठा आणि सहनशक्ती कमी. दुसरी मुमताज, नांदेडची, ट्रान्स बाई. तोंडानं लई फटकळ, मनानं लोणी. तिसरा विशाल, रेणापूरचा, ट्रान्स पुरुष. मुमताज जन्मली तेव्हा घरच्यांनी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले, विशालच्या वेळी मुलगी झाली म्हणून जिलेबी. दोन्ही घरांचा अंदाज चुकला, मिठाईवाला तेवढा खूश!

आणि विशालचं एक प्रकरण आधीच सांगून ठेवते, कारण या सगळ्या किश्श्यांच्या मागं ते चालूच होतं. त्याच्या धाकट्या बहिणीचं, पूजाचं, लग्न ठरलं होतं. आपल्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, न्हाईतर मी बसलोय इथं, असा त्याचा अर्थ. मग नवरदेवाकडचे त्या भावाला कपडे करतात, फोटोवाला फोटो काढतो, सगळे हसतात. पूजा लहानपणापासून म्हणायची, "दादा, माझ्या नवऱ्याचा कान तूच पिळायचा." विशालला साऱ्या जगात तेवढंच पाहिजे होतं.

घरात मात्र त्याच्या आत्यानं ठरवून टाकलं होतं की त्यानं साडी नेसून करवली व्हावं, हातात करा घेऊन नवरीच्या मागं उभं राहावं. जमत नसंल तर येऊच नये. आणि वडील? अण्णांचं रेणापूरला खता-बियाण्याचं दुकान आहे. ते हो म्हणेनात, नाही म्हणेनात. विशाल दर आठवड्याला फोन करायचा, "अण्णा, कानपिळीचं काय?" तिकडून एकच शब्द यायचा.

"बघू."

त्या 'बघू'नं आम्हा तिघांचं डोकं उठवलं होतं.

*

लातूरचं एक सरकारी ऑफिस. नाव विचारू नका, अजून तिथं काम पडतं. सभागृह, बॅनर, समई, सगळं तयार. आपल्याकडं कार्यक्रम म्हटला की आधी सत्कार, मग भाषणं, आणि वेळ उरलाच तर विषय. रीत अशी की बाईमाणसाला खण-नारळ आणि गड्याला फेटा. मला खण-नारळ मिळाला. मग विशालचं नाव पुकारलं आणि साहेब एका हातात फेटा आणि दुसऱ्या हातात नारळ धरून थांबले.

मुमताज काठापदराच्या साडीत, विशाल शर्ट-पँटीत, वर दाढी. आता यात थांबण्यासारखं काय आहे? पण साहेबांनी आमचं माहितीपत्रक वाचलं होतं. वाचलं होतं म्हणजे घोटलं होतं! वाकून माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, चुकायला नको. टेक्निकली कुणाला काय?"

मी म्हटलं, "साहेब, डोळ्यांना जे दिसतंय ते करा."

"न्हाई न्हाई, नुसतं दिसण्यावर जायचं न्हाई, असं तुमच्याच पत्रकात हाय!"

आणि त्या विद्वानानं विशालच्या हातात खण-नारळ ठेवला आणि मुमताजच्या डोक्यावर फेटा चढवला! सभागृहात टाळ्या! मी कपाळाला हात लावला. मुमताजनं शांतपणे फेटा उतरवला, विशालच्या डोक्यावर ठेवला, त्याच्या हातातला खण घेऊन उलटसुलट बघितला आणि माईकवर म्हणाली, "साहब, कपडा एक नंबर है. बस पता चुक गया."

पुन्हा टाळ्या! सगळ्यात जोरात साहेबांच्याच.

विशालनं तो फेटा नांदेड येईपर्यंत डोक्यावरून काढला नाही. गाडीच्या आरशात सारखा बघायचा. मध्येच म्हणाला, "ताई, पूजाच्या लग्नात मला असाच बांधतील का?" मुमताजनं पुढं वाकून फेट्याचा शेमला सरळ केला.

*

लातूरकडच्या मुरुडच्या अलीकडच्या एका गावाचा किस्सा तर दोन मिनिटांचा आहे.

ग्रामपंचायतीसमोर मांडव. आम्ही तक्ता लावला, घसा फोडून सगळं सांगितलं, लोकांनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं, चला, हे गाव जमलं. मग आभार मानायला सरपंच उठले. म्हणाले, "ताईंनी लई मोलाची माहिती दिली. आपल्या गावात अजून एकबी केस न्हाई. पर उद्या साथ आलीच तर आपन तयार हाव!"

साथ! म्हणजे आता फवारणी करायची का धुराचं मशीन फिरवायचं?

मी उठणार तेवढ्यात शेजारी बसलेल्या मुमताजनं माईक ओढला. "सरपंच साब, मेरी अम्मा इसीच गाव की. वो पिंपळ के पीछे का घर मेरे नाना का." आणि हसून हात जोडले, "केस यहींसे निकली है."

सरपंच मला म्हणाले, "ताई, हे आधी सांगायचं की! मुमताजबाईंचा सत्कार गावची भाची म्हणून केला असता!" आणि खरंच कुणाला तरी पळवून नारळ आणवला. आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? मी चिडलेच, ते सोडा.

*

त्याच बाजूला एक शाळा आहे. तिथल्या शिक्षकांना ट्रेनिंग दिलं. एक गुरुजी पहिल्या रांगेत, इतकं मन लावून ऐकत होते की घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, एक तरी माणूस भेटला!" नवरा म्हणाला, "महिनाभर थांब." त्याला माझा अनुभव माझ्यापेक्षा जास्त.

महिन्यानं आम्ही काय बदल झाला ते बघायला गेलो. शाळेच्या फाटकातच आवाज कानावर आला. पोरं पाढ्याच्या चालीत ओरडत होती, "लिंग म्हणजे शरीर! ओळख म्हणजे मन! कल म्हणजे ओढ!" फाटकाशी शेंगा विकणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा पाठ झालं होतं, तो मापटं भरता भरता गुणगुणत होता! मला खोटं कशाला सांगू, भरून आलं. पाठांतर तर पाठांतर, कानावर तर पडतंय.

गुरुजी दारात येऊन म्हणाले, "मॅडम, शेवटची ओळ ऐका. म्या सोता चाल लावलीय."

पोरांनी सूर लावला, "कुणाच्या चालण्यावरून! कुणाच्या बोलण्यावरून! कुणालाबी चिडवू नये!"

खिडकीपाशी एक नाजूक चणीचं पोरगं होतं, ते आपलं हळू आवाजात म्हणत होतं. गुरुजींनी टेबलावर छडी आपटली.

"ए बायल्या! जोरात म्हण की!"

मी तिथंच बाकावर बसले. गुरुजींनी काळजीनं विचारलं, "पाणी आणू का मॅडम? उन्हाचं होतं असं."

*

उन्हावरून आठवलं. नांदेडच्या एका ऑफिसानं आमच्या ट्रेनिंगनंतर उत्साहात येऊन वेगळं टॉयलेट बांधलं. वर पाटी, 'तृतीयपंथीयांसाठी'. उद्घाटनाला मुमताजलाच बोलावलं. तिनं रिबन कापली, पेपरात फोटो आला, पेढा खाऊन आम्ही घरी आलो.

पुढं उन्हाळ्यात त्याच ऑफिसात मीटिंग होती. मुमताज नेहमीसारखी लेडीज टॉयलेटकडं निघाली तर एक मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, तुमचं तर एवढं छान वेगळं केलंय की!" तिकडं विशाल जेन्ट्समधून हात पुसत बाहेर आला, तर शिपाईमामा त्याला समजावत होते, "तुमी तिकडं जायचं हो, तुमच्यासाठीच खर्च केलाय." म्हणजे आतापर्यंत ज्यांना कुणी अडवत नव्हतं, त्यांना आमच्या ट्रेनिंगमुळं अडवायला लागले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बरं, गेली मुमताज तिकडं. तर कुलूप! चावी क्लार्ककडं, क्लार्क जेवायला, जेवायला घरी, आणि घर तरोड्याला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तोपर्यंत मुमताज मला काय काय म्हणाली ते इथं सांगण्यासारखं नाही. शेवटी चावी आली, कुलूप निघालं. आत झाडू, जुने बॅनर, मोडक्या खुर्च्यांची चळत, आणि वर खुंटीला ती उद्घाटनाची रिबन.

मुमताजनं सगळं नीट बघून घेतलं आणि क्लार्कला विचारलं, "ये कुर्सियां भी तृतीयपंथी हैं क्या भैया?"

*

डॉक्टरचा किस्सा मला सांगताना अजून राग येतो. विशालला ताप भरला. सगळीकडं डेंग्यूची साथ. मी त्याला नांदेडच्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण, हुशार, भिंतभर सर्टिफिकेटं. त्यानं जुने कागद चाळले आणि त्याचे डोळेच चमकले. ताप राहिला बाजूला!

"तुम्हाला कधी कळलं? घरात आणखी कुणी आहे का असं? लहानपणी खेळणी कुठली आवडायची?" वर बाहेर तोंड काढून दोन ज्युनिअर्सना हाक मारली, "या रे, शिकायला मिळेल!"

विशाल तिथं कुडकुडत पडलाय आणि हे तिघं त्याच्याभोवती उभे! मी तोंड उघडणार तेवढ्यात विशालनंच हात जोडले. "डॉक्टरसाहेब, मला लहानपणी पोळ्याचे मातीचे बैल आवडायचे. आता तापाचं औषध द्या."

आणि त्या डॉक्टरनं लिहून घेतलं हो! मान खाली घालून लिहून घेतलं, मातीचे बैल!

तेवढ्यात विशालचा फोन वाजला. अण्णा. पूजानं तापाचं कळवलं असणार, पण त्यांनी आपणहून फोन केलेला आम्ही पहिल्यांदाच बघितला. "ताप किती हाय?" विशालनं सांगितलं. "नारळपाणी पी. औषध टाळू नको." विशाल त्या तापातसुद्धा म्हणाला, "अण्णा, कानपिळीचं?" तिकडं दुकानात गर्दी. कुणीतरी युरिया मागत होतं.

"बघू," म्हणाले आणि ठेवला.

*

कधी कधी वाटतं, हे शब्द लोकांना सांगूच नयेत! किनवटकडं एक मुलींचं हॉस्टेल आहे, जंगलपट्टीतल्या गावांतल्या पोरी. तिथल्या अधीक्षिकाबाई कडक, पण पोरींचं जेवणखाण, आजारपण सगळं जिवानं बघायच्या. त्यांना आम्ही समलिंगी म्हणजे काय ते सांगितलं. यात घाबरण्यासारखं काही नाही, लपवण्यासारखं काही नाही, हे दहादा सांगितलं. बाईंनी मान हलवली.

पुढच्या खेपेला गेलो तर हॉस्टेलाचा चेहराच बदललेला. हातात हात घालून फिरायला बंदी. एकमेकींची वेणी घालायला बंदी. ऐन थंडीत एका रजईत झोपणाऱ्या जोड्या फोडून सगळ्या खाटा लांब लांब सरकवलेल्या! किनवटची थंडी तुम्हाला माहीत आहे का? पोरी शिंकून शिंकून हैराण. मी म्हटलं, "बाई, काय केलंत हे?"

त्या म्हणाल्या, "तुमीच तर डोळे उघडले मॅडम! आधी मला शब्दच म्हाईत नव्हता!"

आता बोला! आधी शब्द माहीत नव्हता तर पोरी सुखात होत्या. मी तक्ता काढला, पहिल्यापासून सुरुवात केली. मैत्री म्हणजे काय, ओढ म्हणजे काय, आणि समजा असलीच एखादीला ओढ, तरी तिची खाट ओढून कल बदलत नसतो! माझा आवाज इतका चढला की पोरी दारात गोळा झाल्या. त्यातल्या एकीनं हात वर केला. अगदी साळसूद चेहरा.

"मॅडम, अधीक्षिकाबाई आन् शिलाईच्या बाई एकाच खोलीत झोपतात. त्यांच्या खाटा कवा सरकवायच्या?"

खाटा संध्याकाळच्या आत जागेवर आल्या.

*

आता आत्या. विशालची आत्या म्हणजे रेणापूरची तोफ. नवरा गेल्यापासून भावाच्या शेजारीच राहायची आणि त्या घरातला प्रत्येक मानपान तिच्या हातात. कुणाच्या लग्नात कुणाला आहेर कमी पडला, कुणी पहिल्या पंगतीला बसवलं नाही, सगळं तिच्या ध्यानात. आणि पूजाच्या मावशीशी, म्हणजे विशालच्या आईच्या बहिणीशी, तिचं असं वाकडं की दोघी एका सतरंजीवर बसायच्या नाहीत. कारण कुणालाच नीट आठवत नव्हतं, पण वैर मात्र टिकवून होत्या!

लग्नाच्या थोडं आधी आत्या एकटी एसटीनं नांदेडला आमच्या ऑफिसात आली. पिशवीतून मोरपंखी साडी काढून टेबलावर ठेवली. विशाल बाहेरगावी होता ते बरंच झालं. ती त्याला जुन्या नावानं हाक मारायची. ते नाव मी सांगणार नाही.

"मास्तरीणबाई, तुमचं तिला पटतंय. एक दिस साडी नेसाय सांगा. करवली होऊ द्या. मग जन्मभर पँट घालू द्या, माझं काय जातंय?"

मी पाणी दिलं, चहा दिला, आणि तक्ता लावला. तुम्हाला सांगते, आयुष्यात मी इतकं चांगलं कधी शिकवलं नसेल! तिच्या भाषेत, तिच्या घरातली उदाहरणं देऊन. विशाल लहानपणी कसा होता ते तिनंच सांगितलं, नदीवर पोरांत कसा पोहायचा, परकर घातला की कसा रडायचा. मुमताजनं स्वतःचं सगळं सांगितलं. आत्यानं डोळ्यांना पदर लावला. मुमताजच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, "काय काय सोसलंस गं लेकरा." माझ्या मनात आलं, झालं! आज डोंगर हलला!

मी विचारलं, "मग समजलं ना आत्याबाई?"

"हाव, समजलं की! सगळं समजलं!" आत्यानं चहाचा कप खाली ठेवला. "आता बेलाऊजचं माप तेवढं द्या."

ती गेल्यावर मुमताज टेबलावर डोकं टेकून इतकी हसली की शेवटी रडायला लागली. मी तक्ता गुंडाळून कपाटावर फेकला. म्हटलं, खड्ड्यात जाऊ दे सगळं! काही उपयोग नाही! विशालला मात्र आम्ही यातलं काही सांगितलं नाही. त्याला पूजाचा फोन आला होता, "दादा, काही नको करू, मागं बस, पण ये." त्यावर तो इतका खूश होता.

*

लग्न रेणापूरच्या मंगल कार्यालयात. वैशाखातलं ऊन, पत्र्याचं छत, कूलर नुसता आवाज करायला. आम्ही तिघं शेवटच्या रांगेत. विशाल पांढऱ्या कुर्त्यात, दाढी नीट केलेली, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत काय आहे ते मला माहीत होतं. लातूरच्या साहेबांचा तो फेटा. मी काही बोलले नाही. पाहुण्यांतले निम्मे लोक मांडवाकडं बघण्याऐवजी मागं वळून आमच्याकडं बघत होते. मुमताज एकेकाला हात हलवून नमस्कार करायची, मग ते पुढं बघायचे.

अक्षता पडल्या, जेवणं सुरू झाली, मांडवात विधी चालू राहिले. करवली म्हणून कुणीतरी चुलत बहीण उभी होती, आत्याची मोरपंखी साडी तिच्या अंगावर. मग भटजींनी माईकवर हाक दिली.

"नवरीचा भाऊ कोण आहे? कानपिळीला या."

मावशीचा मुलगा नीलेश तयारच होता. डोक्याला फेटा, मोबाईल मित्राच्या हातात, "व्हिडिओ नीट काढ बे!" विशालनं मान खाली घातली. पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मला तिथं सगळ्यांवर ओरडावंसं वाटत होतं, पण लग्नघर होतं दुसऱ्याचं.

मावशी मांडवात पुढं सरकली आणि नवरदेवाकडच्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पोरीला भाऊ न्हाई तर काय झालं? आमचा नीलेश हाय की!"

आणि तोफ उडाली.

"कोण म्हणतंय भाऊ न्हाई?" आत्या पंगतीतून उठून आली, हाताला वरण तसंच. "माझ्या भावाच्या घरात काय कमी हाय गं? आमचा मान न्यायला तुझं पोरगं कामून? बस रे नीलेश खाली!"

"अवं पर..." मावशी म्हणाली.

"तू गप ऱ्हा!" आत्यानं कमरेवर हात ठेवला आणि थेट शेवटच्या रांगेकडं बघितलं. "ए विशाल! काय ऐकू येईना का तुला? पोरगी कवाची वाट बघायलीय! ये की हिकडं!"

विशाल, म्हणाली ती. सगळ्या गावासमोर!

विशाल जागचा हलेना. मुमताजनं त्याच्या मांडीवरची पिशवी उघडली, फेटा काढला, त्याच्या डोक्यावर बसवला आणि पाठीत धपाटा घातला. "जा रे! नहीं तो मैं जाके पिळती!"

तो चालत गेला. मांडवाशी जाऊन थांबला आणि पाटावर बसलेल्या अण्णांकडं बघितलं. पूजा रडत होती. आम्ही दोघी खुर्च्यांवर उभ्या. मी मनात म्हटलं, आता जर हा माणूस 'बघू' म्हणाला, तर मी तिथं जाऊन त्यांचाच कान पिळणार!

अण्णांनी पुढ्यातलं विधीचं ताट उचलून बाजूला ठेवलं आणि पाटावर थोडं सरकून घेतलं. विशाल त्यांच्या शेजारी बसला. हात पुढं केला, नवरदेवाचा कान धरला आणि पिळला. असा पिळला, असा पिळला की नवरदेव "आई गं!" म्हणून अर्धा उठला! फोटोवाला म्हणाला, "दादा, अजून एकदा," तर त्यानं अजून एकदा पिळला!

नवरदेवाचे मामा घाईनं पुढं आले. "अवं पाव्हणं, जरा सांगा की त्याला! कान लालभडक झाला पोराचा!"

अण्णांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं. म्हणाले, "सख्खा भाऊ हाय. पिळणारच."